जनावराच्या देहाचे उत्तर

डिसेंबर १८८९मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून आज आपण जिला ओळखतो, तिचा जन्म असा पुण्यातला. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते आणि त्यांच्यापुढचे सर्वांत मोठे काम होते बुळकांडी. हा रोग गावात शिरला की पाहता पाहता दावणी रिकाम्या होत. आधी ताप, मग डोळ्यां-नाकातून स्राव, तोंडात व्रण, शेवटी हगवण आणि मृत्यू. बैल गेले की पेरणी राहायची, आणि पेरणी राहिली की त्या घराचे पुढचे वर्षच बुडायचे. भरवस्तीत, इतक्या गुरांच्या शेजारी अशा रोगाचे बीज हाताळणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात, सुमारे साडेसात हजार फुटांवरच्या मुक्तेश्वरला हलवली गेली. १८९७ साली रॉबर्ट कॉख प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आले होते, तेव्हा तेही मुक्तेश्वरला जाऊन आले. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला त्यांनी बुळकांडीने मेलेल्या जनावरांचे पित्त निरोगी गुरांना टोचून पाहिले होते आणि त्यातून काही संरक्षण मिळते असे दाखवले होते.

मुक्तेश्वरचे पुढचे काम क्रमाने पाहण्यासारखे आहे. बुळकांडीतून उठलेल्या जनावराला ती पुन्हा होत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. प्रश्न होता तो रोग न भोगता हे संरक्षण मिळवायचे कसे. १८९९पासून तिथे सीरम तयार होऊ लागले. रोगाला पुरून उरलेल्या जनावराच्या रक्तातला पाण्यासारखा भाग दुसऱ्या जनावराला टोचायचा. संरक्षण तत्काळ मिळे, पण ती शक्ती उसनी, त्यामुळे थोड्याच दिवसांत सरून जाई. मग सीरम आणि रोगी जनावराचे रक्त एकाच वेळी टोचण्याची रीत आली. तिच्यात जनावराचे स्वतःचे शरीर कामाला लागे आणि संरक्षण टिके, पण त्या रक्ताबरोबर रक्तातले दुसरे परोपजीवीही टोचले जात. १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा पुनःपुन्हा वाढवत नेला. शेळीला सरावलेला विषाणू गाई-बैलांना सौम्य झाला आणि १९२७च्या सुमारास शेळीच्या ऊतींपासून केलेली लस वापरात आली. आपल्या देशी गुरांना ती मानवली. विलायती आणि संकरित जनावरांना मात्र ती जड जाई. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. लस तीच, विषाणू तोच, पण जनावर बदलले की त्याच्या देहाचे उत्तर बदलते. या पुस्तकाचा सगळा विषय या एका वाक्यात आला आहे.

पशुरोगांवर मराठीत लिहिले जाते ते बहुतेक रोगाच्या बाजूने. रोगाचे नाव, जंतू, लक्षणे, उपचार, लसीचे वेळापत्रक, असा तो साचा. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी, हे गावोगावच्या पशुपालकांना पाठ आहे आणि ते पाठ असणे हे मोठे यश आहे. पण लस टोचल्यावर जनावराच्या आत काय घडते, एका रोगाविरुद्धचे संरक्षण जन्मभर आणि दुसऱ्याविरुद्धचे सहाच महिने का टिकते, एकाच गोठ्यातली एक गाय वाचते आणि शेजारची का मरते, याबद्दल आपण फार कमी बोलतो. मला वाटते की पशुपालकाला आणि पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे कळले, तर वेळापत्रक पाळण्यामागचे कारण त्यांना सापडेल. कारण कळलेला माणूस अफवेला लवकर बळी पडत नाही.

बुळकांडीच्याच गोष्टीत पुढे जाऊ. केनियात मुगुगा इथे वॉल्टर प्लाउराइट यांनी हा विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर सुमारे नव्वद वेळा वाढवला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून जी लस झाली, ती सर्व जातींच्या गुरांना चालणारी होती आणि एका टोचणीत जन्मभराचे संरक्षण देत होती. भारतात बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५४ साली सुरू झाला. देशातली शेवटची नोंद १९९५ सालची आहे. २००६ साली भारत या संसर्गातून मुक्त ठरला आणि २०११ साली जग मुक्त झाल्याची घोषणा झाली. माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग, आणि जनावरांचा पहिला.

हे यश प्रशासनाचे, गावोगाव हिंडणाऱ्या लस टोचकांचे, बर्फाचे डबे सायकलवरून नेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आहेच. पण त्यांच्या कष्टांना फळ आले, कारण जनावराचा देह त्यांच्या बाजूने होता. बुळकांडीचा विषाणू रोगप्रतिकारासाठीच असलेल्या लिम्फोसाइट पेशींवर हल्ला करतो, म्हणून तो इतका घातक. मात्र त्या हल्ल्यातून जे जनावर तरते, त्याची स्मरणपेशींची फौज आयुष्यभर जागी राहते. विषाणूचा सीरोटाइप, म्हणजे प्रतिकाराला वेगळा वाटणारा प्रकार, एकच, त्यामुळे एक लस सगळीकडे पुरते. बरे झालेले जनावर विषाणू लपवून ठेवत नाही. उन्हात, कोरड्या जमिनीवर विषाणू फार काळ तगत नाही. यातली एक गोष्ट जरी उलटी असती, तरी आपण आजही बुळकांडीची लस टोचत असतो.

शेवटच्या टप्प्यावर आणखी एक धाडस करावे लागले, त्याची फारशी चर्चा होत नाही. लसीने तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला ओळखून अडवणारी रक्तातली प्रथिने, आणि रोगाने तयार झालेली प्रतिपिंडे त्या काळच्या चाचण्यांना सारखीच दिसत. जोवर लसीकरण चालू, तोवर रक्त तपासून कळायचे नाही की विषाणू खरोखर गेला की लसीच्या आड दडून आहे. म्हणून लसीकरण थांबवावे लागले. लस न टोचलेली वासरे मोठी झाली, त्यांचे रक्त तपासले आणि त्यात प्रतिपिंडे सापडली नाहीत, तेव्हा रोग गेल्याची खात्री झाली. ज्या रोगाने पिढ्यान्पिढ्या दावणी रिकाम्या केल्या, त्याच्यासमोर जनावरे जाणीवपूर्वक उघडी ठेवायची, हा निर्णय सोपा नव्हता. तो घेता आला, कारण त्यामागे त्या विषाणूची आणि प्रतिकाराची पूर्ण समज होती.

आता लाळ्या-खुरकूत पाहा. १८९८ साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी दाखवले की या रोगाचे बीज जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही आरपार जाते. जनावरांमध्ये विषाणू असतात हे जगाला कळले ते इथे. इतका जुना ओळखीचा शत्रू, पण आजही तो आपल्या गोठ्यांत आहे. याचे सात सीरोटाइप आहेत. एकाविरुद्धचे संरक्षण दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडत नाही. भारतात ओ, ए आणि एशिया-१ हे तीन फिरतात, म्हणून आपली लस या तिघांची असते. एकाच सीरोटाइपमध्येही विषाणू इतका बदलत राहतो की लसीतला वाण मैदानातल्या वाणाशी जुळतो का, हे सतत तपासावे लागते. लस मृत विषाणूची, तिने मिळणारे संरक्षण काही महिन्यांचे, त्यामुळे दर सहा महिन्यांनी टोचणे आले. भरीला, रोगातून उठलेल्या काही गाई-म्हशींच्या घशात विषाणू महिनोन्‌महिने टिकून राहतो. बुळकांडीत जे जे आपल्या बाजूचे होते, ते ते इथे विरुद्ध आहे.

सप्टेंबर २०१९मध्ये मथुरेहून सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्यासाठी पाच वर्षांकरता १३,३४३ कोटी रुपये ठेवले गेले. कानात बारा अंकी बिल्ला, दर सहा महिन्यांनी लस, संगणकावर नोंद. एवढ्या मोठ्या प्रमाणावर जनावरांचे लसीकरण जगात क्वचितच कुठे झाले असेल आणि त्याचे मोल मी मनापासून मानतो. पण या पुस्तकात वारंवार येणारा एक आग्रह इथेच मांडतो. किती जनावरांना टोचले, हा आकडा पुरेसा नाही. किती जनावरे सुरक्षित झाली, हा आकडा हवा. या दोन आकड्यांत अंतर पडते आणि ते कशामुळे पडते, हे समजणे म्हणजेच प्रतिकारशास्त्र.

लाळ्या-खुरकुताच्या लसीत विषाणूचा कण अखंड असावा लागतो. तो उष्णतेने फुटला की त्याच्याविरुद्ध चांगली प्रतिपिंडे तयार होत नाहीत. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच ठेवायची. मराठवाड्यातल्या मे महिन्यात जीपच्या मागे तापलेल्या डब्यातली लस टोचली, तर नोंदवहीत जनावर लसवंत दिसते आणि रक्तात मात्र काही नसते. उलट चुकून गोठवली, तरी ती बिघडते. शिवाय जनावराची स्वतःची अवस्था असतेच. उपाशी, जंतांनी पोखरलेले, उन्हाने धापा टाकणारे जनावर लसीला तितके जोरदार उत्तर देत नाही. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसले की यकृतात पर्णकृमी असलेल्या गाईंमध्ये क्षयाच्या त्वचाचाचणीची प्रतिक्रिया दबते. कृमी शरीराचा प्रतिकार वेगळ्या दिशेला वळवतो आणि क्षयाचा संसर्ग असूनही चाचणीत तो दिसत नाही. गोठ्यात रोग एकेकटे येत नाहीत. पाठ्यपुस्तकात त्यांची प्रकरणे वेगळी असतात, जनावराच्या अंगात ते एकत्र नांदतात.

म्हणून लस टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर साधारण महिनाभराने काही जनावरांचे रक्त घेऊन प्रतिपिंडे मोजली जातात. बुळकांडीच्या वेळी जी अडचण होती, तिच्यावरही आता उपाय आहे. लाळ्या-खुरकुताच्या शुद्ध केलेल्या लसीत विषाणूची केवळ बाहेरची प्रथिने असतात. विषाणू पेशीत वाढताना जी इतर प्रथिने तयार करतो, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडली, तर त्या जनावराला खरा संसर्ग झाला होता असे समजते. लस चालू ठेवूनही विषाणूचा माग काढता येतो. मुक्तेश्वरच्या जुन्या मंडळींना हे साधन मिळाले असते, तर त्यांची किती वर्षे वाचली असती!

लसीबद्दलच्या नाराजीविषयीही बोलले पाहिजे, कारण ती खरी आहे. लस टोचली की दोन-चार दिवस दूध कमी होते, मानेवर गाठ येते, जनावर मलूल दिसते. ज्याचे घर डेअरीच्या दहा दिवसांच्या पगारावर चालते, त्याला हे परवडत नाही आणि तो पुढच्या खेपेला डॉक्टरांना गोठ्यात येऊ देत नाही. ‘काही होत नाही हो’ म्हणून त्याची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही. काही तरी होतेच. प्रतिकार उभा करायला शरीराला ऊर्जा लागते. पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी द्रव्ये सोडतात, त्यांनीच ताप येतो, भूक मंदावते, दूध घटते. हा लसीचा दोष नाही. जनावराचे शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे. आणि खऱ्या लाळ्या-खुरकुतात जे दूध जाते, ते पुष्कळदा त्या वेतात परत येत नाही, कास बिघडते, बैल लंगडा होऊन कामातून जातो. हा हिशेब पशुपालकासमोर सरळ मांडला, तर तो ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

या पुस्तकातला माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा भाग चिकाचा आहे. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे गर्भातच वारेतून मिळतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेची रचना वेगळी आहे. तिच्यातून प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईची संरक्षक प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. ती सगळी कासेत साठवलेली असतात, पहिल्या धारेच्या चिकात. वासराच्या आतड्यातून ही मोठी प्रथिने जशीच्या तशी रक्तात जाऊ शकतात, पण ही वाट जन्मल्यापासून तासागणिक मिटत जाते आणि चोवीस तासांत जवळपास बंद होते. पहिल्या दोन तासांत पहिले पाजणे आणि पहिल्या दिवसात वजनाच्या सुमारे दहा टक्के चीक पोटात जाणे, यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांतली हगवण, न्यूमोनिया, नाळ पिकणे हे सगळे अवलंबून असते.

आणि आपल्याकडे काय होते? अनेक घरांत वार पडेपर्यंत वासराला तोंड लावू देत नाहीत. वार पडायला आठ-दहा तास लागले, तर आतड्यातली निम्मी वाट तेवढ्यात मिटलेली असते. दुसरीकडे पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस चांगला घट्ट होतो, म्हणून तो शेजाऱ्यांना, पाहुण्यांना, शहरातल्या गिऱ्हाइकाला जातो. खरवस मलाही आवडतो. पण तो घट्ट होतो तो ज्या प्रथिनांमुळे, त्यांतला मोठा वाटा त्या वासराच्या संरक्षणाचा आहे. वासराचे पोट भरल्यावर उरलेल्याचा, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा खरवस खुशाल करावा. वारेची वाट मात्र पाहू नये. उलट वासरू कासेला लुचू लागले की गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते.

चिकाची प्रत मोजायचे साधनही आपल्या ओळखीचे आहे. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार मण्यातली गोडी ज्या ब्रिक्स मीटरवर पाहतात, साखर कारखान्यांत उसाचा रस ज्यावर तपासतात, त्याच उपकरणावर चिकाचा थेंब ठेवला आणि आकडा २२च्या वर आला, तर चीक प्रतिपिंडांनी समृद्ध समजावा. एका गावात एक मीटर पुरे. मोठ्या गोठ्यांनी असा चांगला चीक गोठवून ठेवावा. आटलेल्या किंवा मेलेल्या गाईच्या वासराला तो जगवतो.

या उसन्या संरक्षणाची दुसरी बाजूही आहे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे रक्तात असताना वासराला लस टोचली, तर ती प्रतिपिंडे लसीलाच गिळून टाकतात आणि वासराचे स्वतःचे शरीर काही शिकत नाही. म्हणून लाळ्या-खुरकुताची पहिली लस साधारण चौथ्या महिन्यात आणि महिनाभराने दुसरा डोस. आईचे छत्र विरत जाते आणि स्वतःचे अजून उभे राहायचे असते, हा मधला काळ सर्वांत नाजूक. ‘पहिल्यांदा टोचले तेव्हा झाले की, आता परत कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

लम्पीबद्दल महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १९२९ साली झांबियात प्रथम दिसलेला हा रोग भारतात २०१९ साली ओडिशात आला आणि ऑगस्ट २०२२मध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातून आपल्याकडे पसरू लागला. त्या वर्षी देशभरात दीड लाखाहून अधिक गुरे दगावली. राज्यात जनावरांचे आठवडी बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या, ऐन पोळ्याच्या दिवसांत लोकांनी बैलांच्या अंगावरच्या गाठी मोजल्या. दगावलेल्या गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत जाहीर झाली. ज्यांनी आपल्या हातांनी खड्डा खणून खोंड पुरला, त्यांचे नुकसान या आकड्यांत मावणारे नव्हते.

त्या वेळी हाताशी लम्पीची स्वतःची लस नव्हती. वापरली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस, उत्तरकाशी वाणाची. लोक विचारायचे, शेळीची लस गाईला कशी चालेल? चालते, कारण लम्पी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी हे विषाणू एकाच कुळातले, एकमेकांना इतके जवळचे की एकाला ओळखायला शिकलेल्या पेशी दुसऱ्यालाही ओळखतात. संरक्षण पूर्ण नसते, पण पुष्कळांना वाचवण्याइतके असते. याच काळात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या संस्थेबरोबर, रांचीत २०१९ साली मिळालेल्या विषाणूपासून लम्पीची स्वतःची लस तयार केली आणि ऑगस्ट २०२२मध्ये ती जाहीर झाली. वर्षअखेरीला तिचे तंत्रज्ञान पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेकडे देण्याचा करार झाला.

‘लस दिली आणि चार दिवसांनी गाठी आल्या, म्हणजे लसीनेच रोग दिला’ अशी तक्रार त्या साथीत गावोगाव होती. शरीराला लसीपासून पुरेसे संरक्षण उभे करायला दोन ते तीन आठवडे लागतात. दुसरीकडे विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंतही आठवडा ते चार आठवडे जातात. साथ दारात आल्यावर टोचलेल्या जनावरांतली काही आधीच बाधित असतात. लस आणि रोग यांची ही शर्यत असते आणि उशिरा टोचले की ती हरण्याची शक्यता वाढते. आणखी एक गोष्ट. लम्पीविरुद्धचे संरक्षण बरेचसे पेशींच्या बळावर उभे असते. त्यामुळे लसवंत जनावराच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली नाहीत, तरी ते सुरक्षित असू शकते. प्रत्येक रोगात मोजायची वस्तू वेगळी असते.

मग रोग आला की संकरित गोठे का कोसळतात आणि शेजारची गावरान गाय का उभी राहते, हा प्रश्न येतो. त्याचे सर्वांत सुंदर उत्तर मला गोचीडतापात, थायलेरियात मिळाले. थायलेरिया हा परोपजीवी गोचिडातून गाईच्या अंगात जातो आणि तिच्या पांढऱ्या पेशींचा ताबा घेऊन त्यांना कर्करोगासारखे वाढायला लावतो. एडिंबराच्या रॉसलिन संस्थेत साहिवाल आणि होल्स्टिन वासरांना सारखाच संसर्ग देऊन पाहिले. परोपजीवी दोघांतही होता. होल्स्टिन वासरे तीव्र तापाने फणफणली, साहिवाल वासरे उपचाराशिवाय सावरली. फरक असा दिसला की होल्स्टिनच्या शरीरात दाह भडकत होता, साहिवालच्या शरीरात तो आवरलेला होता. आपण ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ औषधे शोधत असतो. इथे जगले ते जनावर ज्याच्या प्रतिकाराला मर्यादा ठाऊक होती. पैदाशीचे धोरण ठरवताना दुधाच्या लिटरइतकेच हे मोजले जावे, असे मला आग्रहाने वाटते. गवळाऊ, देवणी, खिल्लार, डांगी, लाल कंधारी यांच्या रक्तात नेमके काय आहे, हे आपण अजून नीट वाचलेले नाही.

माणसाच्या वैद्यकावर गोठ्याचे केवढे ऋण आहे, हे थोडक्यात सांगून पुढे जातो. १९४५ साली अमेरिकेत रे ओवेन यांनी जुळ्या वासरांच्या रक्तात एकमेकांच्या रक्तपेशी सुखाने नांदताना पाहिल्या. शरीर परके आणि आपले कसे ठरवते, या विचाराला तिथून दिशा मिळाली, आणि बर्नेट व मेडावार यांना १९६०चे नोबेल त्याच वाटेवरच्या कामासाठी मिळाले. ज्यांना आपण बी-पेशी म्हणतो त्यांचे नाव कोंबडीच्या शेपटीजवळच्या एका पिशवीवरून आले. तिचे काम ब्रूस ग्लिक यांनी १९५६ साली उलगडले. क्षयाची बीसीजी लस गाईच्या क्षयाच्या जिवाणूपासून झाली आणि तिच्या दोन जनकांपैकी गेरँ हे पशुवैद्य होते. २०१७ साली एचआयव्हीच्या एका प्रथिनाची लस गाईंना टोचली, तेव्हा त्यांनी या विषाणूच्या अनेक वाणांना रोखणारी प्रतिपिंडे काही आठवड्यांत तयार केली. माणसात तशी प्रतिपिंडे क्वचितच आणि वर्षांनी होतात. गाईच्या काही प्रतिपिंडांना एक लांब दांडा असतो, तो विषाणूच्या खाचेत खोलवर पोचतो.

ब्रुसेलोसिसचे प्रकरण वाचताना पशुपालकाने स्वतःचीही काळजी वाहावी. गाभण गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, आणि घरातले कुणी उघड्या हातांनी ती वार ओढून काढते. ब्रुसेलोसिसच्या जिवाणूला गाईच्या वारेतले एरिथ्रिटॉल हे द्रव्य फार मानवते, म्हणून तो तिथे प्रचंड वाढतो. माणसात तो चढता-उतरता ताप, सांधेदुखी, थकवा होऊन वर्षानुवर्षे छळतो आणि पुष्कळदा ओळखूच येत नाही. जंतूंना खाऊन संपवणाऱ्या पेशींच्याच पोटात तो लपतो, त्यामुळे प्रतिपिंडे असूनही मरत नाही. म्हणून लस जिवंत जिवाणूची, फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिने वयात, आयुष्यात एकदाच. टोचणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घालावा. मेलेला गर्भ आणि वार खोल पुरावी, कुत्र्यांपुढे टाकू नये. कच्चे दूध पिऊ नये.

या संशोधनाला पुढे फार काम आहे, आणि त्यातले एक आपल्या धनगरांच्या दारातले आहे. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा बुळकांडीचा जवळचा भाऊ. भारतात तो १९८७ साली तमिळनाडूत ओळखला गेला. विषाणूचा सीरोटाइप एकच, आणि आपल्याकडच्या सुंग्री वाणाच्या लसीची एक टोचणी काही वर्षे पुरते. बुळकांडीला जे नडले ते यालाही नडेल, म्हणून २०३०पर्यंत जगातून त्याचे निर्मूलन करण्याचे ध्येय ठरले आहे. अडचण आहे ती कळपाची. गाय पंधरा वर्षे जगते, तिला टोचलेली बुळकांडीची लस पंधरा वर्षे कळपात राही. शेळ्या-मेंढ्यांच्या कळपातली कितीतरी जनावरे दर वर्षी विकली जातात आणि त्यांच्या जागी नवी कोकरे, करडे येतात. त्यांना लस माहीत नसते. त्यातून दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारा आणि पावसाळ्याआधी घाटावर परतणारा मेंढपाळ कोणत्या तालुक्याच्या यादीत धरायचा? त्याच्या वाटेवर, त्याच्या मुक्कामावर, कोकरे तीन-चार महिन्यांची होतील त्या सुमारास लस पोचली, तर कळपाची राखण होईल. त्या वाटा, ते मुक्काम आणि कोकरांचा हंगाम मेंढपाळांना तोंडपाठ आहेत. पीपीआरच्या प्रकरणाची सुरुवात म्हणूनच विषाणूच्या चित्राने न करता त्या वाटांच्या नकाशाने केली आहे.